पाठपुस्तिका आणि कोंबडा

त्या सोमवारी संध्याकाळी आमच्या निमगावच्या देवळात दोन म्हातारे एकाच वेळी उभे राहिले आणि बायबलातले दोन वेगवेगळे अध्याय मोठ्याने वाचू लागले.

एक होते माझे सासरे, म्हणजे मामा, शमुवेल पारधे, मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ते वेदीच्या उजव्या हाताला उभे राहून यशया वाचत होते. दुसरे दानिएल कसोटे, मिशनच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. ते डाव्या हाताला उभे राहून आमोस वाचत होते. एकाने आवाज चढवला की दुसरा त्याच्यावर चढवायचा. छपरातली कबुतरं फडफडत बाहेर गेली. मंडळी म्हणाल तर बाकावर आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई.

"आगं, आता ऐकायचं तरी कुणाचं?" आत्याबाईंनी मला कोपराने ढोसलं.

"तुमच्या नवऱ्याचं ऐका."

"घरी ऐकतेच की. हितं तरी सुटका नको व्हय?"

मी पदर तोंडात कोंबला. मामांचा अध्याय आधी संपला. "येथे पहिला पाठ संपतो," असं ते विजयी स्वरात म्हणाले आणि बसले. कसोटेकाकांनी घाई केली नाही. उरलेल्या ओव्या त्यांनी सावकाश, एकेक शब्द चघळत वाचल्या, मग मामांकडे न बघता म्हणाले, "येथे पहिला पाठ संपतो." त्यानंतर मामाही उठले आणि काही झालंच नाही अशा थाटात दोघे मरीयेचं गीत एका सुरात गाऊ लागले. सूर मात्र दोघांचा छान जुळायचा, हे कबूल केलं पाहिजे.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझं माहेर नगरचं, अमेरिकन मिशनचं. आमच्याकडे पाळकाला सुचेल तो अध्याय पाळक वाचतो, मनात येईल ती प्रार्थना करतो आणि लोक घरी जातात. सासर इंग्लंडच्या मिशनचं. इथे सगळं ठरलेलं. सकाळची प्रार्थना ठरलेली, संध्याकाळची ठरलेली, कोणत्या दिवशी कोणता पाठ तोही ठरलेला. गोरे लोक केव्हाच गेले, पण निमगावच्या दगडी देवळात सकाळी आणि संध्याकाळी घंटा व्हायची म्हणजे व्हायचीच. पाळकसाहेबांकडे सात गावं, ते आमच्या वाट्याला महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस प्रार्थना चालवायची ती या दोघांनी. मला आधी याचं फार हसू यायचं. देवाला रोज त्याच वेळी, त्याच शब्दांत काय सांगायचं, त्याला कंटाळा येत नसेल का, असं मी एकदा मामांना विचारलंही होतं.

"सूर्य रोज उगवतो, त्याचा तुला कंटाळा येतो का?" मामा म्हणाले होते. हेडमास्तरांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तर हे दोघे म्हातारे एकमेकांशी बोलत नव्हते. नऊ वर्षं बोलत नव्हते. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवलेले, एका भिंतीला लागून घरं असलेले हे दोघे. त्यांच्यात अबोला झाला तो एका कोंबड्यावरून.

आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक आपापल्या घरचं काहीबाही देवळात आणून वाहतात. कुणी भोपळा, कुणी ज्वारीची कणसं, कुणी अंडी. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. त्यात एक रीत आहे. कुणी जिवापाड जपलेली वस्तू वाहिली, तर त्याच्या जवळच्या माणसाने ती लिलावात सोडवायची आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप त्याच्या दारात नेऊन ठेवायची. देवालाही पोचलं, मालकालाही मिळालं. त्या वर्षी कसोटेकाकांनी आपला तांबडा तुरेवाला कोंबडा वाहिला. तो कोंबडा त्यांच्या खांद्यावर बसून दवाखान्यात यायचा म्हणे. मामांनी चढाओढीने बोली लावून तो सोडवला. कसोटेकाका निश्चिंत मनाने घरी गेले. संध्याकाळी मामांनी त्यांना जेवायला बोलावलं. कसोटेकाका जेवले, रस्सा दोनदा मागून घेतला, "वहिनी, जेवावं तर तुमच्याच हातचं," असंही म्हणाले, आणि मग त्यांनी विचारलं, "शम्या, माझा कोंबडा बांधलास कुठे?"

मामांनी पातेल्याकडे बोट दाखवलं.

बरं, चूक कुणाची म्हणावी? मामांनी त्याच सकाळी देवळात बोध केला होता की देवाला दिलेली वस्तू मागच्या दाराने घरी आणू नये. ते बोलल्याप्रमाणे वागले. कसोटेकाकांना वाटलं होतं, बोध वेगळा आणि व्यवहार वेगळा. ते तसेच ताटावरून उठले. पुन्हा या घराची पायरी म्हणून चढले नाहीत.

प्रार्थना मात्र दोघांनीही सोडली नाही. आणि ती चालायची ती छापील पुस्तिकेच्या जोरावर. पुण्याला एका छापखान्यात रोजच्या पाठांची पुस्तिका निघायची, वर्षातून चार अंक. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांपासूनचा, अंक पहिला, कारण देवळाचं वर्ष तिथून सुरू होतं. सकाळचे दोन पाठ, संध्याकाळचे दोन पाठ, सगळे मोठ्या अक्षरांत पुरेपूर छापलेले. पहिला पाठ मामांनी वाचायचा, दुसरा कसोटेकाकांनी. पुस्तिका मधल्या मेजावर उघडी. कुणी कुणाला काही विचारायची गरजच नाही. बाकी काही लागलं तर मध्ये आत्याबाई होत्याच.

"सरू, त्यांना सांग, मेणबत्त्या संपल्या."

"भावोजी, मेणबत्त्या संपल्या."

"वहिनी, त्यांना सांगा, कपाटात आहेत."

"अहो, कपाटात हाईत."

हे सगळं तिघेही एकाच बाकावर बसलेले असताना. आणि लगेच मामा उठून गंभीर आवाजात म्हणायचे, "प्रभू तुम्हांबरोबर असो," आणि कसोटेकाका उत्तर द्यायचे, "आणि तुझ्या आत्म्याबरोबर." दिवसातून दोनदा ते एकमेकांना देवाच्या हवाली करायचे आणि बाहेर पडल्यावर तोंडं फिरवायचे. काकांची बायको वारली तेव्हा मामांनी स्वतः घंटा वाजवली, खांदा दिला, कबरीवर माती टाकली. तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवशी घरी येऊन मामा परसात खूप वेळ नुसते उभे होते, असं आत्याबाईंनी मला सांगितलं होतं.

त्या वर्षी आगमनकाळाचा अंक आलाच नाही. मामांनी पोस्टात चार खेपा घातल्या. शेवटी दोघांनी आपापलं जुनं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. मामांच्या पुस्तकातलं पाठांचं कोष्टक जुनं, काकांच्या पुस्तकातलं नवं. एकात यशया, दुसऱ्यात आमोस. कोणतं धरायचं हे बोलून ठरवायला हवं होतं. बोलणं तर बंद. त्याचा परिणाम म्हणजे तो सोमवार.

मंगळवारी सकाळी तेच. मंगळवारी संध्याकाळी त्याहून मोठ्याने. बुधवारी दुपारी पाळकसाहेब लूनावरून आले. उजागरे त्यांचं आडनाव, तरणेबांड, स्वभावाने मऊ, पण त्या दिवशी चांगलेच तापलेले. गावातल्या कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की देवळात रोज भांडण चालतं.

"मास्तर, मी तुमचा विद्यार्थी आहे, मला बोलायला बरं वाटत नाही," ते ओट्यावर बसून म्हणाले. "पण हे देवाचं घर आहे. मी रविवारी येतो. तोवर तुमचं दोघांचं धड ठरलं नाही, तर देवळाची किल्ली मला द्या. रोजची प्रार्थना बंद. महिन्यातून एकदा मी येईन तेव्हा कुलूप काढू."

"पुस्तिका आली की सगळं सुरळीत होईल," मामा म्हणाले.

"आणि नाही आली तर?"

मामांनी खिशातली किल्ली मुठीत धरली होती, ती तशीच धरून बसले. त्या रोजच्या घंटेवर या माणसाचा सगळा दिवस बांधलेला होता. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा संध्याकाळची प्रार्थना करून मग ते पंगतीला बसले होते. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. आत्याबाईंनी दोनदा हाक मारली, तर "भूक नाही" म्हणाले. मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"मी पुण्याला जाऊन पुस्तिका आणते," मी म्हणाले.

"तू?" मामांनी मान वर केली. "तुला कळणार आहे का, कोणती ते?"

"वाचता येतं मला. अमेरिकन मिशनच्या शाळेत तेवढं शिकवतात."

कितीतरी दिवसांनी मामा थोडे हसले.

गुरुवारी मी शिकवायचे त्या शाळेतून रजा टाकली आणि पहिली एसटी धरली. पुण्यात आधी एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात गेले. तिथे वचनं लिहिलेली घड्याळं होती, वचनं लिहिलेल्या की-चेन होत्या, गाण्यांच्या कॅसेटी होत्या. दुकानदाराने माझ्यापुढे पुढच्या वर्षाची कॅलेंडरं पसरली.

"कॅलेंडर नको. रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचे छापील पाठ हवेत. आगमनकाळापासूनचे."

"नवीन वर्षाचं ना? मग जानेवारीत या."

"आमचं वर्ष सुरू झालं गेल्या रविवारी."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी शंका आली. "ताई," तो समजुतीने म्हणाला, "रविवारचे पाठ चालतील का? रोज कोण वाचतं हल्ली?"

"दोन म्हातारे वाचतात. एकाच वेळी वाचतात, म्हणून तर आलेय."

तिथून छापखान्यात गेले. दाराला कुलूप. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं की यंत्र बिघडलंय, मालक भाग आणायला मुंबईला गेलाय. "पण पुस्तकं हवीत ना? ती गठ्ठे बांधून वाटायला सिस्टरांकडे जातात. त्या पांढऱ्या कपड्यांतल्या. मागच्या गल्लीत विचारा."

मागच्या गल्लीत भगिनींचा आश्रम होता. मी पोचले तेव्हा दिवस कलत आला होता आणि आत घंटा होत होती. दार उघडणाऱ्या सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून सरळ प्रार्थनेला नेऊन बसवलं. पाचसहा वयस्क बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या. एका रांगेने एक ओवी म्हणायची, दुसरीने पुढची. मग एक सिस्टर मधल्या मेजाशी आली, तिने तीच आमची मोठ्या अक्षरांची पुस्तिका उघडली आणि पहिला पाठ वाचू लागली.

माझ्या मनात आलं, आत्ता निमगावातही घंटा झाली असेल. पुस्तिका असती तर मामा हेच शब्द आत्ताच वाचत असते. कुठल्या कुठल्या गावांतल्या रिकाम्या देवळांत कुणी एक म्हातारा, कुणी एक बाई हाच पाठ वाचत असेल, एकमेकांची ओळखदेख नसताना. सगळं ठरलेलं का असतं ते मला तिथे बसल्याबसल्या कळलं. माझे डोळे भरून आले. माहेरी सांगितलं असतं तर चिडवून बेजार केलं असतं.

प्रार्थना झाल्यावर एका गोल चेहऱ्याच्या सिस्टरने मला चहा दिला. सिस्टर शालिनी त्यांचं नाव, गठ्ठे बांधायचं काम त्यांच्याकडेच.

"निमगाव?" त्या म्हणाल्या. "निमगावचा अंक तर केव्हाच गेला."

"पोस्टात हरवला असेल."

"पोस्टाने नाही, हाताने. तुमच्याकडचे एक गृहस्थ मोतीबिंदू दाखवायला पुण्याला आले होते, ते येऊन घेऊन गेले. उंच, काळा कोट. आमच्या सगळ्यांच्या घशात टॉर्च मारून बघितलं आणि मला ज्येष्ठमध चघळायला सांगून गेले. खोकला खरंच गेला हो."

मी चहाचा कप खाली ठेवला. असा माणूस निमगावात एकच होता.

"माझी स्वतःची प्रत देऊ का तुला?" सिस्टर म्हणाल्या. "मी शेजारणीच्या पुस्तिकेत बघून म्हणेन."

त्यांनी ती पुढेही केली. ती घेतली असती तर प्रश्न तिथेच सुटला असता. पण माझं डोकं तडकलं होतं. "नको सिस्टर," मी म्हणाले, "आमची आहे गावात. आता ती मी बघते."

रात्री बहिणीकडे मुक्काम करून शुक्रवारी दुपारी निमगावात उतरले, ती घरी न जाता थेट कसोटेकाकांच्या अंगणात. काका कोंबड्यांना दाणे टाकत होते. कोंबड्याच सगळ्या, तेव्हापासून त्यांनी कोंबडा म्हणून पाळला नव्हता.

"काका, पुस्तिका कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातले दाणे सगळे एकदम टाकले आणि आत गेले. ट्रंकेतून कागदात गुंडाळलेली पुस्तिका आणून माझ्यासमोर धरली. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"तुम्हाला लाज वाटत नाही?" मी म्हणाले. सुनेने म्हणायचे शब्द नव्हेत, पण निघून गेले. "तिकडे परवा मामा जेवलेसुद्धा नाहीत. रविवारी देवळाला कुलूप लागणार. एका कोंबड्यासाठी?"

"जेवला नाही?" काकांनी एवढंच विचारलं.

"नाही."

ते ओट्यावर बसले. "कोंबड्यासाठी नाही गं पोरी. कोंबडा काय, आज ना उद्या पातेल्यातच जायचा. त्या दिवशी लिलावावरून घरी आलो तेव्हा मी खुराडं उघडं ठेवलं होतं, आत पाणी ठेवलं होतं. शम्या सकाळी आणून ठेवील म्हणून. त्याला तेवढं कळायला हवं होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "मग मी रुसलो. वाटलं, येईल दोन दिवसांत. नाही आला. त्याला वाटलं असेल, मी जाईन. असं करता करता किती वर्षं गेली. रोज सकाळ-संध्याकाळ हातभर अंतरावर असतो तो. पण पुस्तिकेत सगळं छापलेलं. हा पाठ तुझा, हा माझा. बोलायला जागाच कुठे? म्हणून म्हटलं, यंदा ती नसली तर झक मारत तोंड उघडेल. काहीतरी विचारेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं."

"आणि त्यांनी सरळ यशया काढला."

"गाढव आहे तो," काका म्हणाले आणि डोळे पुसले. "मलाही राहवलं नाही, मीही आमोस काढला. घेऊन जा. दे त्याला. माझ्यापायी देऊळ बंद नको."

पुस्तिका माझ्या हाताशी होती. तीच आणायला मी पुण्यापर्यंत वणवण केली होती. मी हात मागे घेतला.

"मी नाही नेणार."

"का गं?"

"मी अमेरिकन मिशनची. तुमच्या पुस्तकांतलं मला काही कळत नाही," असं म्हणून मी उठले आणि शेजारच्या दारातून घरात शिरले.

मामा वाटच बघत होते. "मिळाली?"

"छापलीय. निमगावचा अंक निमगावात आहे. कसोटेकाकांकडे."

मामांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "चोर! सरू, त्याला जाऊन सांग—"

"म्या न्हाई सांगायची," आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या.

"काय?"

"निरोप पोचवून पोचवून माझ्या जिभेला घट्टे पडले. तुम्ही रिटायर झाला, भावोजी रिटायर झाले, आजपासून मीबी रिटायर. काय सांगायचं ते आपल्या तोंडानं सांगा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतले कपडे घड्या घालायला घेतले. ते घोरपडीसारखे भिंतीला चिकटून बसले म्हणावं, तर भिंत नेमकी कसोट्यांच्या घराची होती, आणि पलीकडे काका खोकत होते ते स्पष्ट ऐकू येत होतं. त्या संध्याकाळी देवळात दोघांनी स्तोत्रं म्हटली, पाठ आला तेव्हा कुणीच उठलं नाही, पाठाविनाच त्यांनी पुढची प्रार्थना उरकली. शनिवारी सकाळीही तसंच.

शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब किल्ली न्यायला येणार. मामांनी घंटा वाजवली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ वाजवली. स्तोत्र झालं आणि आम्ही सगळे बसलो. पहिल्या पाठाची वेळ. मधलं मेज रिकामं. मामा पुढच्या बाकावर, काका त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. काकांचा हात काळ्या कोटात होता. कोटाला एका बाजूने चौकोनी फुगवटा आलेला मला मागून दिसत होता.

आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. कबुतरं घुमत होती.

मामा उठले. वाटलं, आता दाराकडे जातील, किंवा यशया काढतील. ते रिकाम्या मेजापर्यंत गेले, त्यावर दोन्ही हात टेकले आणि आमच्याकडे वळले. ज्या आवाजाने त्यांनी तीस वर्षं शाळा गप्प केली तो आवाज कुठे गेला कोण जाणे. एखाद्या मुलाने शेजारच्याला हळूच विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"दान्या, काय वाचायचं?"

काका म्हणाले, "काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"मला हल्ली कमी ऐकू येतं."

"दान्या!" मामा ओरडले, तेव्हा त्यांचा आवाज पुरता फुटला होता. "बोल ना रे, काय वाचायचं?"

काका उठले. कोटातून पुस्तिका काढताना तिची दोरी बटणात अडकली, ती सोडवायला दोघांचे चार हात लागले. काकांनी पानं उलटली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "मला नीट दिसत नाही. मोतीबिंदू आहे. तू बघ."

"मोतीबिंदू? कधीपासून?"

"तू विचारलंस कधी?"

मामांनी चष्मा चढवला. दोन पांढरी डोकी एका पुस्तिकेवर वाकली.

"यशया!" मामा म्हणाले. "मी काय वाचत होतो? यशयाच आहे!"

"सकाळचं बघ. सकाळचं काय आहे ते बघ ना."

"सकाळीही यशयाच आहे."

"पान चुकलं असेल."

"छापलंय, दान्या, छापलंय! मोठ्या अक्षरांत!"

"तुझं नेहमी असंच. कोंबड्याच्या वेळेलाही—"

"कोंबडा तू देवाला वाहिला होतास!"

"आणि खाल्लास तू!"

"तूही खाल्लास! दोनदा मागून घेतलास!"

काका बोलता बोलता थांबले. "चांगला झाला होता," ते म्हणाले, आणि हसू लागले. मग मामा हसायला लागले. एकमेकांचे खांदे धरून ते दोघे त्या मेजाशी हसत होते आणि रडतही होते, वेगळं काढता येत नव्हतं. माझंही तेच चाललं होतं.

आत्याबाई मात्र पदर सावरून उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "येथे पहिला पाठ संपतो. आता म्होरलं म्हणा, मला भाकरी टाकायच्यात."

रविवारी पाळकसाहेब लूना टेकवून आत आले, तेव्हा मामा आणि काका अंगणात इतक्या मोठ्याने भांडत होते की साहेब घाबरून माझ्याकडेच आले. मी सांगितलं, काळजीचं कारण नाही, दोघे मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे करायचं त्यावर भांडतायत. त्यांनी किल्लीचा विषयच काढला नाही.

पुढच्या हंगामाच्या सणाला मामांनी एक तांबडा कोंबडा देवळात वाहिला. आसपासच्या चार गावांत हिंडून त्यांनी तो शोधला होता. कसोटेकाकांनी बोली लावून सोडवला आणि संध्याकाळी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मामा भीत भीत गेले. पाटावर बसण्याआधी त्यांनी झाकण उचलून पातेल्यात डोकावून पाहिलं. आत वांगी होती. कोंबडा खुराड्यावर बसून आमच्याकडे बघत होता.

त्यानंतर पुस्तिका कधी चुकली नाही. दर अंक वेळेवर यायचा आणि मधल्या मेजावर उघडा असायचा. काकांचं ऑपरेशन झालं, त्यांना लख्ख दिसायला लागलं. मामांचे डोळे तर चांगलेच होते. पुस्तिकेत त्या दिवसाचा पाठ ठळक अक्षरांत समोर छापलेला असायचा. तरी दोघे होते तोवर एकही संध्याकाळ अशी गेली नाही की मामा मेजाशी गेले, त्यांनी पुस्तिकेवर हात ठेवला, बाकाकडे वळले आणि विचारलं नाही,

"दान्या, काय वाचायचं?"

आणि काका सावकाश उठायचे, कोटाच्या खिशात चष्मा शोधायचे, तो पुसायचे, आणि म्हणायचे, "थांब. बघू दे."